साठ एस्कुदोंची नोट, स्टेट बँक आणि गोव्याचा पैसा

तू विचारलं आहेस की पणजोबांच्या ट्रंकेत बांको नासियोनाल उल्त्रामारिनोची साठ एस्कुदोंची नोट सापडली, तर त्या बँकेचं पुढं काय झालं? तिची जागा स्टेट बँकेनं कशी घेतली? आणि कॉलेजातल्या वादात कुणीतरी म्हणालं की ही मोठी बँक गोव्याच्या ठेवी गोळा करते आणि पैसा बाहेर नेते, ते खरं का? शेवटी दादाच्या होमस्टेच्या कर्जाचंही लिहिलं आहेस. वेगवेगळे वाटले तरी हे सगळे प्रश्न एकाच दोरीत ओवलेले आहेत, म्हणून सावकाश लिहितो.

आधी एक सांगतो. मी ३४ वर्षं बँकेत काढली, पण स्टेट बँकेत नाही, दुसऱ्या एका सरकारी बँकेत. बहुतेक नोकरी डिचोली, सांखळी, वाळपई या पट्ट्यात झाली. स्टेट बँकेकडे मी शेजारी म्हणून पाहिलं आहे. तिचा हेवाही वाटला आणि अडचणीत तिच्याकडे धावलोही.

तुझ्या नोटेपासून सुरुवात करू. साठ हा आकडा विचित्र वाटतो ना? त्याच मालिकेत तीस, तीनशे आणि सहाशेच्याही नोटा होत्या. कारण सोपं आहे. गोव्यात आधी पोर्तुगीज रुपिया चालायचा. १९५९ च्या सुमारास तो जाऊन एस्कुदो आला, आणि एका रुपियाला सहा एस्कुदो हा भाव ठरला. तीस म्हणजे पाच रुपिया, साठ म्हणजे दहा, सहाशे म्हणजे शंभर. सरकारनं चलन बदललं, पण बाजारातल्या माणसाच्या डोक्यातला हिशेब बदलत नाही हे ओळखून नोटा छापल्या होत्या. तुझ्या पणजोबांनी ती नोट दहा रुपये समजूनच ट्रंकेत ठेवली असणार.

उल्त्रामारिनो बँक १८६४ मध्ये लिस्बनला स्थापन झाली आणि १८६८ मध्ये तिची शाखा पणजीला, तेव्हाच्या नव्या गोव्यात, आली. वसाहतींसाठीच काढलेली बँक ती. नोटा छापायच्या, सरकारचा पैसा सांभाळायचा, आयात-निर्यात करणाऱ्यांना आणि भाटकारांना, म्हणजे जमीनदारांना, सेवा द्यायची. विसाव्या शतकाच्या मध्यावर खाणी सुरू झाल्या, जपानला लोहखनिज जाऊ लागलं, तेव्हा तिचा धंदा वाढला. पण सत्तरी तालुक्यातल्या कुळाला किंवा पेडण्याच्या बागायतदाराला तिचा काय उपयोग? त्याला पैसे लागले की तो भाटकाराच्या किंवा दुकानदाराच्या दारात जायचा, फार तर घरातलं सोनं गहाण टाकायचा.

या सोन्याची गोष्ट गोव्यात अजून जुनी माणसं सांगतात. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याच्या थोडं आधी उल्त्रामारिनोकडे लोकांनी गहाण ठेवलेले दागिने जहाजावर चढवून लिस्बनला नेले गेले. दागिने लोकांचे, पावत्या लोकांच्या हातात आणि माल समुद्रापार. भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध १९७४ नंतर सुरळीत झाले, तरी वाटाघाटी लांबत गेल्या आणि ते सोनं १९९१ मध्ये परत आलं. त्या दिवसांत आमच्या शाखेतही म्हातारी माणसं पिवळे पडलेले कागद घेऊन यायची. आमचा त्या सोन्याशी काही संबंध नव्हता, पण त्यांच्या लेखी बँक म्हणजे बँक. एका आजीनं मला पावती दाखवली, त्यावर तिच्या सासूचं नाव होतं. सासू जाऊन वीस वर्षं झाली होती. वारसा सिद्ध करायला कोणते कागद लागतील ते मी तिला लिहून दिलं. तिनं तो कागद घडी करून कनवटीला लावला आणि म्हणाली, "इतके कागद असते तर सोनं गहाण कशाला टाकलं असतं?" हे वाक्य लक्षात ठेव, पुढं लागेल.

आता स्टेट बँक. ती १ जुलै १९५५ ला जन्मली असं म्हणतात, पण तिचं मूळ त्याच्या दीडशे वर्षं मागं आहे. २ जून १८०६ ला कलकत्त्यात बँक ऑफ कलकत्ता निघाली, १८०९ मध्ये ती बँक ऑफ बेंगाल झाली. मग १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे आणि १८४३ मध्ये बँक ऑफ मद्रास. या तिघींना इलाखा बँका म्हणायचे. कंपनी सरकारचा भांडवलात वाटा होता, आणि १८६१ पर्यंत नोटा काढायचा अधिकारही त्यांच्याकडे होता. म्हणजे उल्त्रामारिनो आणि या बँका एकाच जातीच्या, फक्त राज्यकर्ते वेगळे.

त्या बँकांच्या नियमांत एक गोष्ट मला नेहमी बोलकी वाटते. कर्ज द्यायचं ते सरकारी रोखे, सोनंनाणं, दागिने, न नासणारा माल यांच्यावर, तेही थोड्या मुदतीचं. घर आणि जमीन तारण घ्यायला बंदी होती. बुडणाऱ्या बँकेला जमीन लवकर विकता येत नाही, हे त्यामागचं शहाणपण. पण ज्या देशात बहुतेक माणसं जमिनीवर जगत होती, तिथली सर्वांत मोठी बँक जमिनीकडे पाहायचंच नाही असं ठरवून बसली होती.

मुंबईच्या बँकेनं तर मालाचं तारण सोडून शेअरच्या कागदावर कर्जं दिली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा मावेना. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरचा तो काळ. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, शेअरची रद्दी झाली, आणि १८६८ मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळून त्याच वर्षी नवी काढावी लागली. मोठी बँक बुडत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला हे उदाहरण सांग.

२७ जानेवारी १९२१ ला तिन्ही बँका एक होऊन इम्पीरियल बँक झाली. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक येईपर्यंत सरकारचा बँकर तीच, आणि त्यानंतर जिथं रिझर्व्ह बँकेचं कार्यालय नाही तिथं तिची प्रतिनिधी. सरकारचा पैसा, मोठे व्यापारी, चहाचे मळे, तागाच्या गिरण्या हा तिचा गोतावळा.

खरा फरक पडला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्यात आपल्या अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा हात आहे याचा मला अभिमान आहे. १९५१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करायला ए. डी. गोरवाला यांची समिती नेमली, गाडगीळ तिचे सभासद होते. पाहणीत दिसलं की शेतकऱ्याच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा ०.९ टक्के होता. शंभर रुपयांत एक रुपयाही नाही. सहकारी संस्थांचा ३.१ टक्के. बाकी बहुतेक सगळं सावकार, व्यापारी आणि नातेवाईक. समितीनं सांगितलं की इम्पीरियल बँक ताब्यात घ्या आणि तिला खेड्याकडे वळवा. १९५५ च्या कायद्यानं ते झालं. रिझर्व्ह बँकेनं बहुसंख्य भाग घेतले आणि पहिल्या पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडायचं बंधन घातलं. सरकारनं बँकेला फायदा किती काढ हे न सांगता कुठं जा हे सांगितलं, माझ्या मते हाच त्या कायद्याचा गाभा.

म्हणून १९६१ च्या डिसेंबरनंतर गोव्यात जे घडलं ते नुसतं पाटी बदलणं नव्हतं. वसाहतीचा व्यापार सांभाळणारी बँक गेली आणि तिच्या जागी सहा वर्षांपूर्वीच खेड्याकडे जायचा हुकूम मिळालेली बँक आली. एस्कुदो जाऊन भारतीय रुपया आला, सरकारी तिजोरीचं काम, पगार, चलनं, पेन्शन हे सगळं नव्या चौकटीत बसवायचं होतं. १९६२ मध्ये गोवा, दमण आणि दीवमधल्या जुन्या बँकांच्या पुनर्रचनेसाठी स्वतंत्र विनियम काढावा लागला. जी बँक रिझर्व्ह बँकेची प्रतिनिधी म्हणून देशभर तेच काम करत होती, तिच्याकडेच ते येणं स्वाभाविक होतं. पुढं १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याच वर्षी गाडगीळांच्याच अभ्यासगटाच्या शिफारशीतून प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक, म्हणजे तिथल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक, नेमायची कल्पना निघाली. गोव्याच्या राज्यस्तरीय बँकर्स समितीचं निमंत्रकपद आजही स्टेट बँकेकडे आहे.

त्या बैठकांना मी वर्षानुवर्षं गेलो आहे. आणि तुझ्या वर्गातला वाद तिथं दर तिमाहीला व्हायचा.

कर्ज-ठेव प्रमाण म्हणजे शंभर रुपये ठेवींमागं तिथंच किती कर्ज दिलं ते. गोव्याचं हे प्रमाण फार वर्षं देशाच्या सरासरीपेक्षा खूप खाली राहिलं आहे. म्हणजे तुझ्या मित्राचं म्हणणं खोटं नाही. तारवटी म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, आखातात गेलेले, पूर्वी आफ्रिकेत असलेले, मुंबईत गेलेले, सगळ्यांनी घरी पैसे पाठवले. आमच्या लहानशा शाखेतही मुदत ठेवींची कपाटं भरलेली असायची आणि कर्जाची फाईल एका टेबलावर मावायची.

पण हिशेबात दोन गोष्टी धराव्या लागतात. एक, मोठ्या उद्योगाचं कर्ज मुंबईत मंजूर झालं की ते मुंबईच्या खात्यात दिसतं, पैसा गोव्यात लागला तरी. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून दिसतं तितकं चित्र वाईट नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पैसा एका ठिकाणी गोळा होऊन दुसरीकडे जाणं हाच मोठ्या बँकेचा उपयोग आहे. तो उलट दिशेनंही येतो, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं गोव्यातल्या खाणी थांबल्या. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाल्यावर मार्चपासून पुन्हा काम बंद. वेळगे-पाळीच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगा ताडपत्री घालून उभ्या राहिल्या. उन्हानं टायरना चिरा गेल्या. खनिज नेणारे बार्ज मांडवी नदीत नुसते तरंगत होते. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांचा हप्ता महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात, आणि खेप एकही नाही. एक ट्रकवाला दर महिन्याला माझ्याकडे यायचा, पाचशे रुपये भरायचा आणि पावतीवर शिक्का स्पष्ट उमटला आहे की नाही ते पाहून जायचा. त्या पाचशेनं व्याजही भागत नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. "भरतोय असं लिहिलेलं राहूं दे, बाब," एवढंच म्हणायचा. राज्य सरकारनं पुढं खाणग्रस्त कर्जदारांसाठी कर्जमुक्तीची योजना आणली, तोवर तो असाच येत राहिला.

कल्पना कर, त्या पट्ट्यात फक्त तिथल्याच ठेवींवर चालणारी, तिथंच कर्ज देणारी एक छोटी बँक असती. ट्रक, बार्ज, गॅरेज, टायरची दुकानं, ट्रकवाल्यांच्या मुलांची शैक्षणिक कर्जं, सगळं एकाच महिन्यात थकलं असतं. ठेवीदार दारात उभे राहिले असते आणि द्यायला पैसे नसते. मोठ्या बँकेला हा धक्का सोसला, कारण तिचं गव्हाचं कर्ज पंजाबात होतं, घरांचं पुण्यात होतं आणि कारखान्यांचं गुजरातेत. गोव्याचा पैसा बाहेर गेला होता म्हणूनच गोव्याचं नुकसान बाहेर वाटलं गेलं.

तू म्हणशील, मग छोट्या बँका नकोतच का? तसं मी म्हणणार नाही. सहकारी बँकेचा मॅनेजर माणूस ओळखतो, मोठ्या बँकेचा फाईल ओळखतो, आणि दर तीन वर्षांनी बदलून जातो. आमच्यातली ही खरी उणीव होती. पण एप्रिल २०२० मध्ये म्हापसा अर्बन आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन या सहकारी बँकांचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवींच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्येच एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती हे ठेवीदारांचं नशीब. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना व्याज अर्धा टक्का कमी मिळालं तरी पैसे स्टेट बँकेतच का ठेवावेसे वाटतात, ते मला त्या दोन वर्षांत पुन्हा समजलं.

मोठ्या बँकेच्या चुकाही मोठ्या असतात. २०१७-१८ मध्ये स्टेट बँकेला ६,५४७ कोटींचा तोटा झाला. पोलाद, वीज, रस्ते यांतल्या मोठ्या उद्योगांना दिलेली कर्जं थकली होती. त्याच आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ एप्रिल २०१७ ला, पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक तिच्यात विलीन झाल्या होत्या, त्यांचंही ओझं होतं. पाचशे रुपये भरणारा ट्रकवाला आणि हजारो कोटी थकवणारा उद्योगपती यांना एकाच नियमात बसवणाऱ्या यंत्रणेचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. पण ती बँक त्यातून वर आली. २०२३-२४ मध्ये तिचा नफा ६१ हजार कोटींच्या वर गेला. आणि २०२० मध्ये येस बँक ही खासगी बँक कोसळताना तिला सावरायला पुढं कोण आलं, तर स्टेट बँकच. रिझर्व्ह बँकेनं २०१५ पासून तिला देशाच्या व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या बँकांत धरलं आहे, म्हणजे तिला जास्त भांडवल राखावं लागतं. तिला हात लागला तर सगळ्यांना लागेल, म्हणून ही जास्तीची बेगमी.

तर मग गोव्यात कर्ज कमी का? लोक म्हणतात बँका देत नाहीत. बँकवाले म्हणतात लोक मागत नाहीत. दोन्ही थोडं थोडं खरं आहे, पण माझ्या मते खरी गाठ जमिनीच्या कागदात आहे. १८०६ च्या बँकेला जमीन तारण घ्यायला बंदी होती. आता बंदी नाही, पण गोव्यातली जमीन तारण म्हणून उभीच राहत नाही.

घर आजोबांनी बांधलं, जमीन भाटकाराची. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं अशा, दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्यांना राहायचा हक्क मिळाला, पण घराची जागा विकत घेऊन नावावर करायची प्रक्रिया पुरी झालेली नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीवर, जमिनीच्या रकान्यात एक नाव, कुळाच्या रकान्यात दुसरं, आणि दोघंही वारलेले. सत्तरीत तर अल्वारा आणि मोकासा या पोर्तुगीज काळात दिलेल्या जमिनींचा घोळ वेगळाच. काही ठिकाणी जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची. त्यात आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. दुसरा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मानतात, आणि मुलांचा हक्कही डावलता येत नाही. मला हा कायदा न्याय्य वाटतो. बायकोच्या सहीशिवाय घर गहाण पडत नाही ही गोव्यातल्या बायांची मोठी ढाल आहे, आणि ती पातळ करून कर्ज वाढवावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण आजोबा गेल्यावर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायची न्यायालयातली प्रक्रिया, झालीच नसेल, सात भावंडांतले तीन पोर्तुगालात, एक कॅनडात, तर सह्या कोण गोळा करणार?

त्या आजीचं वाक्य आठवलं ना? सोनं गहाण पडतं कारण सोन्याला उतारा लागत नाही. गोव्यात सोन्यावरच्या कर्जाची खिडकी कधी रिकामी नसते त्याचं कारण हेच. ज्याचं एक कोटीचं घर आहे तो दोन लाखांसाठी बायकोच्या पाटल्या घेऊन येतो.

म्हणून दादाच्या होमस्टेबद्दल माझं सांगणं असं. बँक कोणती हा प्रश्न नंतरचा. आधी एक-चौदाचा उतारा काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते सगळ्यांनी एकत्र बसून वाचा. पणजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी किंवा वारसाचा दस्त झाला होता का ते आईला विचार. झाला नसेल तर वकील गाठा आणि बाहेरगावच्या काकांकडून मुखत्यारपत्र मागवा, तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून. बोजा नसल्याचा दाखला, झोनिंगचा दाखला आणि बांधकामाचा परवाना लागेल. घर वस्तीसाठी आहे आणि त्यात पाहुणे ठेवणार, तर पर्यटन खात्याची नोंदणीही लागेल. जमिनीच्या कागदांना वेळ लागणार असेल तर तारणाशिवाय मिळणाऱ्या लघुउद्योग हमी योजनेतून फर्निचर आणि सोलरपुरती रक्कम मागा, तेवढ्यानं दोन खोल्या सुरू होतील. अर्ज करताना गेल्या दोन वर्षांचं आयकर विवरण जोडा, दादानं भरलं नसेल तर या वर्षीपासून तरी भरायला लाव.

आणि नोट बदलून मिळत नाही, कुठल्याच बँकेत. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नको, पावसाळ्यात ओल धरते. आम्लविरहित कागदात ठेव आणि त्या कागदावर पणजोबांचं नाव, गाव आणि नोट सापडल्याची तारीख लिहून ठेव.